सात आत, किती बाहेर? कैदी वैमानिकाचा सिनेमा मुलांना कसा दाखवावा

हवाई दलात वीस वर्षं मी पॅराशूट पॅक करायचं काम केलं. लोहगाव, जोधपूर, हलवारा, परत लोहगाव. लांबलचक टेबलावर छत्री आंथरायची, एकेक पाकळी घडी घालत न्यायची आणि घड्या सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर वजनाच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या. पॅक बंद करायच्या आधी त्या पिशव्या मोजून काढायच्या. पाच ठेवल्या असतील तर पाच हातात आल्या पाहिजेत. चारच आल्या तर छत्री पुन्हा पूर्ण उघडायची, मग जेवणाची सुट्टी झालेली असो की बाहेर साहेब खोळंबलेले असोत. शेवटी कार्डावर सही आपली असते.

निवृत्त होऊन कोरेगावला आलो. इथल्या एका वाचनालयात महिन्यातून एका रविवारी एनडीएची आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी सिनेमा दाखवतो. शत्रूच्या हाती सापडलेल्या वैमानिकाचा 'रेस्क्यू डॉन' वर्षातून एकदा ठरलेला. आसपासच्या दोन-तीन शिक्षकांनी विचारलं, आम्हालाही दाखवायचा आहे, कसा दाखवू? त्यांना फोनवर सांगत होतो ते सगळं आता एकदाच लिहून काढतो.

आधी सिनेमाची ओळख. डिटर डेंगलर हा खरा माणूस. १९३८ साली जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, विल्डबर्ग गावात जन्मला. वडील महायुद्धात गेले. लहान असताना घराच्या खिडकीसमोरून अगदी खालून एक लढाऊ विमान गेलं आणि त्या क्षणी त्यानं ठरवलं की आपण पायलट व्हायचं. अठराव्या वर्षी अमेरिका गाठली, पुढे नौदलाचा पायलट झाला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी 'रेंजर' या विमानवाहू जहाजावरून स्कायरेडर घेऊन निघाला आणि लाओसवर त्याचं विमान पडलं. वेर्नर हेरझोग यांनी त्याच्यावर आधी १९९७ साली डॉक्युमेंटरी केली, 'लिटल डिटर नीड्स टू फ्लाय', आणि मग २००६ साली हा सिनेमा. डिटरचं काम ख्रिश्चन बेलनं केलंय. हाडं दिसेपर्यंत त्यानं वजन उतरवलं, ते पडद्यावर दिसतंच.

नववीच्या खालच्या मुलांना दाखवू नका. छळाचे प्रसंग आहेत, एका माणसाचा मृत्यू अगदी समोर येऊन आदळतो.

वेळ जेवणाआधीची ठेवा. पहिल्या वर्षी माझी इथेच चूक झाली. वडापाव आणि चहा आधी देऊन टाकला, मुलं पोटभर खाऊन बसली. कैदी वाडग्यातल्या अळ्या खातात तो प्रसंग आला आणि हॉलभर "शीऽऽ" आणि हसणं. मुलांची काहीच चूक नव्हती. भरल्या पोटाला भुकेचा प्रसंग किळसवाणाच दिसणार. आता मी सकाळी साडेदहाला सुरू करतो. सिनेमा दोन तासांचा, मध्ये थांबत गेलं की अडीच-पावणेतीन होतात, तोवर सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. जेवण नंतर.

इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. उच्चार आमच्या मुलांना पटकन कळत नाहीत, आणि लाओ सैनिक बोलतात ते तर कैद्यांनाही कळत नसतं. ते कळू नये हेच बरोबर आहे. समोरचा बंदूक रोखून ओरडतोय आणि आपल्याला त्यातला एक शब्द समजत नाही, ही भीती मुलांना जाणवू द्या. मध्ये मध्ये बोलून अर्थ सांगत बसू नका.

फळा लागेल, खडू लागेल, आग्नेय आशियाचा एक मोठा नकाशा लागेल आणि मूठभर तांदूळ लागतील.

नकाशावर दहा मिनिटं

सिनेमा सुरू करायच्या आधी लाओस दाखवा. एका बाजूला व्हिएतनाम, दुसऱ्या बाजूला मेकाँग नदी आणि पलीकडे थायलंड. १९६२ च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला होता, म्हणून अमेरिका तिथे लढतेय हे उघडपणे सांगायची सोय नव्हती. पण उत्तर व्हिएतनामची रसद लाओसच्या जंगलातूनच दक्षिणेला जायची. म्हणून बॉम्ब पडत राहिले. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले गेले. न फुटलेले कितीतरी अजून शेतात निघतात.

हे सांगितल्याशिवाय सिनेमा लावलात तर मुलं गावकऱ्यांना आणि पहारेकऱ्यांना नुसते खलनायक समजतील. सिनेमा सुरूच होतो तो विमानातून टाकलेल्या बॉम्बच्या संथ चित्रफितीनं. खाली झोपड्या पेटताहेत. पहारेकऱ्यांच्याही पोटात अन्न नव्हतं. थाई कैद्यांनी त्यांचं बोलणं चोरून ऐकलं होतं: कैद्यांना मारून टाकू, पळून जाताना मारले असं सांगू आणि आपापल्या गावी जाऊ. कैद्यांनी पळायचं पक्कं केलं त्यामागे हेही होतं. हे मुलांना आधीच सांगा. कथा फुटत नाही, उलट धार येते.

मग फळ्यावर सात नावं लिहा. मी अशी लिहितो: डिटर डेंगलर, नौदलाचा पायलट. ड्वेन मार्टिन, हवाई दलाचा हेलिकॉप्टर पायलट, सप्टेंबर १९६५ पासून कैदेत. जीन डेब्रुइन, एअर अमेरिकेच्या मालवाहू विमानावरचा, ५ सप्टेंबर १९६३ पासून कैदेत. त्याच विमानातले पिसिधी इंद्रदत्त, प्रासित नावाचे दोघं, हे तिघं थाई. आणि त्याच विमानातला हाँगकाँगचा वाय. सी. टो. डिटर त्या छावणीत पोचला तेव्हा या शेवटच्या पाच जणांची जवळजवळ अडीच वर्षं भरली होती.

सिनेमात यांतले सहाच भेटतात. सातवा कोण गाळला हे मुलांना शोधू द्या. मुलांना एवढंच सांगा: मोजत राहा.

कुठे थांबवायचं

तीनच ठिकाणी. जास्त थांबवलंत तर सिनेमाचा दम जातो.

पहिलं अगदी सुरुवातीला. जहाजावर पायलटांना जंगलात कसं जगावं याचा माहितीपट दाखवतात आणि ती सगळी तरुण मंडळी त्याची टिंगल करत बसतात. इथे थांबवा. मी माझ्या सेक्शनचं सांगतो. सीट पॅकमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या आसनातल्या आणीबाणीच्या पेटीत, काय काय असतं हे दर सहा महिन्यांनी वैमानिकांना दाखवायचं आमचं काम. आरसा, शिट्टी, गळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. नव्या पोरांचं लक्ष घड्याळाकडे. त्यांना वाटतं, हे सगळं दुसऱ्या कुणासाठी आहे. एकदा एक वरिष्ठ साहेब पाठीमागे येऊन गुपचूप बसले होते. सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आरसा डाव्या खिशात की उजव्या?" कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. हे मी मुलांना सांगतो आणि पुढे चालू करतो.

दुसरा थांबा भातासाठी. कैदी वाट्याला आलेल्या भातातून थोडा थोडा बाजूला काढतात, वाळवतात, बांबूच्या नळीत दडवतात. इथे मी तांदळाची मूठ टेबलावर ओततो आणि एका मुलीला त्यातले पंचवीस दाणे बाजूला काढायला सांगतो. तेवढाच त्या दिवसाचा साठा. पुढे खूप वेळ तो छोटा ढीग टेबलावर तसाच राहतो आणि मुलं पडद्यावरून नजर काढून मध्येच त्याच्याकडे बघतात. दोन-तीन मुलांच्या घरी भातशेती आहे, त्यांना लगेच कळतं की पावसाळ्यात एवढा भात नीट वाळत नाही, बुरशी धरते. चर्चा तिकडे वळली तर वळू द्या. कैद्यांपुढेही तोच प्रश्न होता. पाऊस लागल्याशिवाय पळता येत नाही, कारण कोरड्या जंगलात पाणी मिळत नाही; आणि पाऊस लागला की साठवलेला भात नासतो.

रात्री त्यांचे पाय लाकडी खोड्यात अडकवलेले असायचे. "खोडा" हा शब्द मुलांना नीट समजावून सांगा, आता तो कुणाला माहीत नसतो. दोन फळ्या, मध्ये भोकं, घोट्यांवर बंद. हातात बेड्या. डिटर एका खिळ्यानं बेड्या उघडायचं तंत्र काढतो तो प्रसंग मुलांना फार आवडतो, तिथे टाळ्या पडतात. पडू द्या.

तिसरा थांबा पळून जायच्या क्षणाच्या अगदी आधी. पहारेकरी जेवण आणायला जाताना बंदुका ठेवून जातात. त्या मिनिट-दोन मिनिटांत सगळं करायचं आहे. इथे दिवे लावा आणि मुलांचे गट करा. कोण बंदुका घेईल, कोण कुठल्या बाजूला जाईल, आजारी माणसाचं काय करायचं? वाय. सी. टो तापानं खंगलेला आहे, त्याला चालवत नाही. गट बहुतेक वेळा बंदुकांवर आणि वाटेवर बोलतात. आजारी माणसाचा मुद्दा शेवटपर्यंत बाजूला राहतो. त्यांना रागावू नका. पाच मिनिटं झाली की दिवे बंद करा.

सिनेमा जीनला न्याय देत नाही

ज्यांना हा सिनेमा दाखवायचा आहे त्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण एवढं चुकवू नये. सिनेमातला जीन डेब्रुइन विक्षिप्त, भ्रमिष्ट, सगळ्यांना अडवणारा माणूस आहे. त्याच्याबरोबर कैदेत असलेला आणि जिवंत परतलेला पिसिधी आणि जीनचा भाऊ, दोघांनीही या चित्रणाला जाहीर विरोध केला. पिसिधीच्या सांगण्याप्रमाणे जीन सोबत्यांना स्वतःच्या वाटणीतलं देणारा, त्यांना इंग्रजी शिकवणारा माणूस होता, आणि पळायची तयारी डिटर येण्याच्या आधीपासून कैद्यांच्यात चालू होती.

२९ जून १९६६ ला सातही जण निसटले. ठरल्याप्रमाणे जीननं डिटर आणि ड्वेनबरोबर जायचं होतं. तो गेला नाही. टोला चालवत नव्हतं म्हणून त्याच्यासाठी मागे राहिला. पुन्हा पकडला गेल्याच्या बातम्या आल्या, आणि पुढे त्याचा काहीच ठावठिकाणा लागला नाही.

हे मी सिनेमा संपल्या संपल्या सांगतो, आधी नाही. मुलांनी सिनेमातल्या जीनवर दोन तास मनापासून चिडायला हवं. मग त्यांना कळू द्यावं की पडद्यावरच्या माणसामागे खरा माणूस कसा होता. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा रागावून म्हणाला, "मग सर, त्यांनी असं खोटं का दाखवलं?" मी त्याला माझं मत सांगितलं. डिटरची हिंमत उजळून दिसावी म्हणून कुणालातरी अंधारात उभं केलंय. गोष्ट एकाच माणसाच्या तोंडून ऐकली की असं होतं. हेरझोग मोठे दिग्दर्शक आहेत, जंगल त्यांच्यासारखं कुणी दाखवलेलं नाही, ओली पानं, चिखल, दर पावलाला अंगावर येणारी वेल. तरी इथे त्यांची चूक आहे असं मला वाटतं आणि मी ते मुलांना तसंच सांगतो.

चप्पल आणि पांढरं कापड

जंगलातला भाग न थांबवता सलग दाखवा. नंतर फक्त दोन गोष्टींवर बोला.

एक, चप्पल. खऱ्या घटनेत डिटर आणि ड्वेनच्या पायांची चाळण झाली होती. त्यांना कुठेतरी कॅनव्हासच्या बुटाचा एक तळवा सापडला. तो वेताच्या सालीनं पायाला बांधून दोघं आळीपाळीनं घालायचे. मुलांना पायातले बूट-चपला काढून वाचनालयाच्या मागच्या खडीवर दहा पावलं चालायला लावा. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. दहा पावलं पुरेत.

दोन, पांढरं कापड. ड्वेन एका गावकऱ्याच्या कोयत्यानं मारला गेला. डिटर एकटा उरला. त्याआधी त्यांनी पेटवलेल्या आगीमुळे एका विमानानं रात्री प्रकाशाचे फ्लेअर सोडले होते, पण सुटकेसाठी कुणी आलं नाही. त्या फ्लेअरच्या छोट्या पॅराशूटचं कापड डिटरनं जपून ठेवलं. २० जुलै १९६६ ला नदीच्या वळणावर वळताना यूजीन डेट्रिक या वैमानिकाला खाली काहीतरी पांढरं चमकलेलं दिसलं. तो परत फिरला. माणूस कापड हलवत होता. हेलिकॉप्टरमध्ये घेतला तेव्हा डिटरचं वजन जवळपास ४४ किलो उरलं होतं. आधी ७१ होतं.

मी फ्लेअरची छत्री कधी बांधली नाही, आमच्या छत्र्या मोठ्या. पण कुणीतरी ती कुठल्यातरी टेबलावर बसून घडी घालून भरली असणार. हे बोलताना दर वर्षी माझा आवाज जरा बसतो. मुलं समजून घेतात.

सिनेमाचा शेवट जहाजावरच्या जल्लोषात होतो. मला तो फार गोड वाटतो, म्हणून दुसऱ्या बैठकीत डॉक्युमेंटरी नक्की दाखवा. सव्वा तासाच्या आसपास आहे. त्यात खरा डिटर म्हातारपणाकडे झुकलेला दिसतो. स्वतःच्या घराचं दार उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो, फक्त उघडतंय याची खात्री म्हणून. स्वयंपाकघराच्या फरशीखाली तांदूळ, पीठ, साखर, मध यांचे मोठे साठे. तांदळाचे ते पंचवीस दाणे इथे मी पुन्हा टेबलावर ठेवतो. २००१ साली तो वारला.

तिसरी बैठक, आपल्या माणसांची

इथे मी सिनेमा लावत नाही. अॅटलास उघडतो.

१९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते कैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते. १२ आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या मधल्या रात्री भिंतीला भोक पाडून तिघं बाहेर पडले: पारुळकर, मल्विंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. चुंबक केलेल्या सुईचं होकायंत्र बरोबर. पाकिस्तानी हवाई दलाचे सुट्टीवर निघालेले लोक आहोत असं भासवत बसनं पेशावर, तिथून खैबर खिंडीत लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. त्यांच्या नकाशात ते स्टेशन होतं. प्रत्यक्षात ती गाडी इंग्रजांनी १९३२ सालीच बंद केली होती. चाळीस वर्षांत न आलेल्या गाडीची चौकशी करणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघं पकडले गेले.

मुलांना इथे एक काम द्या. घरातला सर्वात जुना नकाशा किंवा एसटीचं जुनं वेळापत्रक आणायचं आणि त्यावरचं आता नसलेलं एक तरी ठिकाण शोधायचं. आमच्याकडे हे फार रंगतं.

पण मोजणी विसरू नका. तिघं गेले म्हणजे नऊ मागे राहिले. छावणीतले सर्वात ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो आणि बाकीचे. तिघं पळाल्यावर मागे राहिलेल्यांनाच सोसावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी तयारीत हात लावला. पुढे सगळ्यांना ल्यालपूरच्या तुरुंगात हलवलं. डिसेंबर १९७२ मध्ये बाराही जण भारतात परतले. पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, पुण्यात राहिले, ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. फळ्यावर त्यांच्या बारा जणांच्या रकान्यापुढे मी सरळ रेघ ओढतो. मोजून आत, मोजून बाहेर.

त्याच फळ्यावर शेवटी एक नाव लिहितो. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. १९७१ च्या डिसेंबरात सुखोई-७ घेऊन गेले, परतले नाहीत. सरकारच्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. पाकिस्ताननं असे कुणी कैदी आपल्याकडे नाहीत असंच सांगितलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ साली बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले, त्यात त्याही होत्या. कुणी सापडलं नाही.

इथे चर्चा घेऊ नका. मुलांना जेवायला सोडा. फळा मी त्या दिवशी पुसत नाही. सोमवारी वाचनालय बंद असतं. मंगळवारी सकाळी लवकर जातो, वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचतो, आणि मग ओल्या फडक्यानं फळा पुसतो.